आजारी भिंतीचा धडधाकट मुलगा

मी एका भिंतीचा तुकडा बोलतोय. हसू नका. भिंतींना कान असतात हे तुम्हाला चालतं, मग तुकड्याला तोंड असलं तर बिघडलं कुठे?

माझी आई म्हणजे चाकांवरच्या एका घराची डावी भिंत. बाहेरून फायबरचा पातळ पत्रा, आत प्लायवूड, मध्ये फोम. बारा वर्षांपूर्वी मालकांना, म्हणजे मास्तरांना, गाडीत मोठी खिडकी हवीशी वाटली. त्यांनी करवत चालवली, खिडकी बसवली आणि कापून निघालेला मी, ताटाएवढा तुकडा, त्यांच्या घरातल्या कपाटावर जाऊन पडलो. खिडकीच्या वरच्या कडेला रबर दोन बोटं कमी पडलं होतं. मास्तर म्हणाले, "एवढ्याने काय होतंय!"

काय होतंय ते यंदा दिसलं. आईचं पोट फुगलं. पत्रा प्लायवूडपासून सुटला, हाताने दाबला की आत-बाहेर व्हायचा. वेळही नेमकी हीच. मास्तरांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. तिच्या दोन खोल्यांत सासू-सासरे आधीच मुक्कामाला, म्हणून मास्तर आणि मास्तरीणबाई गाडी तिच्या दारात लावून राहणार होते. हाताशी जेमतेम पाच आठवडे.

मास्तर निवृत्त विज्ञानशिक्षक. सरळ दुरुस्ती करतील तर मास्तर कसले! त्यांनी वही आखली, सात प्रकारचे गोंद आणले आणि मला कपाटावरून उतरवलं. माझे थर सोडवायचे, गोंद लावायचा, वर जाडजूड शब्दकोश ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी माझ्या कडेला वाळूची बादली टांगायची. चपला चिकटवायच्या गोंदाने माझा फोमच खाल्ला. फसफसणाऱ्या गोंदाने मला आईपेक्षा मोठं पोट आणलं. दोन ट्यूब मिसळायच्या गोंदाने मात्र बादली दिवसभर पेलली. मास्तरांनी लाल शाईने लिहिलं, "उत्तम." आयुष्यातला माझा पहिलाच शेरा. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तरी जीव तुटत होता. आजारी आई अंगणात उभी आणि औषध तपासतायत धडधाकट मुलावर! पाणी शिरत होतं ते मी जिथून निघालो त्याच जागेतून. पण तुकड्याला विचारतो कोण?

शेवटी तोच गोंद आईला लावला, फळ्यांचे टेकू दिले. पाचव्या दिवशी टेकू काढले आणि तिने पुन्हा पोट काढलं. मास्तर म्हणाले, "आठवा गोंद मागवतो."

मास्तरीणबाईंनी खिडकीच्या वर मगभर पाणी ओतलं. आत ठिबक सुरू झाली.

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," त्या म्हणाल्या. "अहो, तो तुकडा बारा वर्षं कपाटावर वाळतोय. ओली आहे ती भिंत!"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं. तुम्ही बादलीकडे बघत होतात."

मी त्यांच्या पाया पडलो असतो, पण वाकता येत नाही.

मग रबर बदललं, हीटर लावून आईला आतून वाळवलं आणि मला गोंद लावून दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवलं. मी टिकलो. बाळ मात्र थांबलं नाही, आठ दिवस आधीच आलं. बाई बसने पुढे गेल्या. नात पहिल्यांदा रडली ते मास्तरांनी हीटरशेजारी बसून फोनवर ऐकलं. त्या दिवशी वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही.

आई वाळल्यावर तोच गोंद तिला पुन्हा लावला आणि आता आम्ही लेकीच्या दारात आहोत. आई ताठ उभी आहे. दुपारी लेकीला झोप मिळावी म्हणून बाळ गाडीत असतं. त्याच्या खाटेचा एक पाय आखूड निघाला, त्याखाली मी. तुमच्याकडे कधी भिंत फुगली, तर गोंद आणण्याआधी पाणी कुठून येतंय तेवढं बघा, म्हणजे माझ्यासारख्या एखाद्या गरिबाचे हाल वाचतील.

माझी परीक्षा अजून संपलेली नाही. नात दिवसातून चारदा माझ्यावर पाणी सोडते. मास्तर, लिहा वहीत: टिकला.