भिंतीवरचा फोटो

आवडा याआधी तीनदा मेली होती. एकदा विहिरीत, एकदा आगीत, अन् एकदा तर भर मांडवात, हळदीच्या अंगानं. मालिकावाल्यांना काय, कुणाला तरी मारायचंच असतं! दर वेळी दौलताबादेत तिची आई मनकर्णाबाई पदराआड हसायच्या आणि फोन करायच्या, "मेलीस का गं? बरं, आता जेवून घे."

उभी हयात मुंबईत गेली, पण नायिका काही झाली नाही बिचारी. कुणाची जाऊ, कुणाची मोलकरीण, नाहीतर मरणारी आई. यंदा तिच्या खऱ्या आईनं अंथरूण धरलं. धाकटा भाऊ कडूबा फोनवर रडकुंडीला यायचा, "आक्का, तुझंच नाव घेती. ये लवकर." आवडानं सुट्टी मागितली, तर त्या भल्या माणसांनी तिचं पात्रच मारून टाकलं. म्हणाले, घ्या आता सुट्टीच सुट्टी.

मालिकेत हार घालून दाखवायला तिचा तरुणपणीचा फोटो हवा होता. आवडाकडं एकच होता. गुलमंडीच्या स्टुडिओत काढलेला, आईचा शालू नेसून, आईचीच नथ घालून. मागच्या खेपेला फुटकी काच बदलायची म्हणून तिनं तो घरच्या भिंतीवरून उतरवून नेला होता. दिला काढून! त्यात काय एवढं, असं वाटलं तिला. इथंच घात झाला.

ती घरी पोचली तेव्हा कडूबा दारातच उभा होता. "लई घोळ झालाय, आक्का. काल आईनं तुझा हार घातलेला फोटू बघितला, अन् तुझ्या नावानं आंघोळीला पाणी मागितलं."

आत मनकर्णाबाई न्हालेले केस मोकळे सोडून पडल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून टीव्ही खाटेला चिकटूनच ठेवलेला.

"आई, मी आवडा."

"आवडा गेली, बाई."

"खोटं होतं गं ते, नेहमीसारखं!"

"नेहमी फोटू त्यांचा असायचा. कालचा माझ्या भिंतीवरचा व्हता. माझा शालू, माझी नथ. मला नाय कळत व्हय?"

आवडानं गुडघ्यावरची लहानपणीची खूण आईच्या बोटांना लावून दाखवली. "कडूबानं सांगितलं असंल," म्हातारी म्हणाली. मग मात्र आवडाचा बांध फुटला. पोटातून, अगदी पोटातून रडली ती.

मनकर्णाबाईंनी तिचा हात थोपटला. "लई ब्येस रडतीस. माझी समजूत घालायला कडूबानं बोलावलंय तुला. नटीच हायेस ना तू बी?"

मेलेल्या माणसानं मी जिती आहे म्हणून किती वेळ ओरडायचं?

"व्हय," आवडा शेवटी म्हणाली.

"तिच्यासंग काम करीत व्हतीस?"

"व्हय."

"जाताना माझं नाव घेतलं का गं तिनं?"

आवडानं डोळे पुसले, आवाज नीट केला. "घेतलं. सारखी आई आई करीत व्हती."

म्हातारीनं समाधानानं मान हलवली. "जेवून जा, बाई," म्हणाली, आणि रिकाम्या भिंतीकडं तोंड फिरवून घेतलं.