धूर न येणारी जागा

१९७३ साली, थंडी सरता सरता, बू मालजामावशीला तिच्या जपानात ओसाकाला राहणाऱ्या भावाने काळा रबरी पोशाख पाठवला आणि आमच्या गावच्या बायकांची झोप उडाली.

आम्ही कोरियातल्या जेजू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या. समुद्राकाठी काळ्या दगडांचा गोल आडोसा, मधे शेकोटी. कपडे बदलायचे तिथे, शेकायचं तिथे, भांडायचंही तिथेच. ज्या बाजूला धूर येत नाही ती जागा सर्वांत पट्टीच्या बाईची. तिथे माझी आई, ह्यॉन वॉल्सन, बसायची. तिच्या आधी तिची सासू बसे.

आईचा पोशाख सुती, स्वतः शिवलेला. एका खांद्यावर पट्टा, कुशीला बंद. माझ्या वेळी पोट वाढलं तसे तिने बंद सैल केले आणि बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत बुड्या मारल्या. तिची टीप इतकी बारीक, की नवा पोशाख शिवायचा म्हणजे बायका तिचा नमुन्याला मागून नेत. पण सूत ते सूतच. त्या पाण्यात जरा वेळ गेला की ओठ निळे, आणि धावत शेकोटीकडे.

पहिल्या दिवशी मालजामावशी रबर घालून उतरली, आणि बुडेचना! डोकं पाण्यात, ढुंगण आभाळाकडे.

"काय गं मालजा," आई ओरडली, "भावानं पोशाख धाडलाय की भोपळा?"

हसून हसून आमच्या पोटात दुखलं.

दुसऱ्या दिवशी तिने कमरेला शिसं बांधलं. आम्ही पुन्हा पुन्हा शेकायला येत होतो, ती पाण्यातच. बुडीतून वर आल्यावर श्वास सोडताना आमच्या तोंडून शीळ निघते. तिची ती शीळ दुरून ऐकू येई, आणि आई शेकोटीतली लाकडं उगाच ढोसत राही. संध्याकाळी मावशीची जाळी आईच्या जाळीहून जड भरली.

"ती कुठं बुडी मारते? रबर मारतं," आई घरी पाय चोळत म्हणाली.

"मग तूही घे की."

"मी? ते भुताचं कातडं? त्यापेक्षा गारठून मरेन."

आठवडाभर हेच चाललं. मग बायका बिथरल्या. समुद्र सगळ्यांचा आणि ओरबाडते एकटी! रबर बंद करायचं, असं सगळ्यांनी धरलं. शेवटचा शब्द आईचा होता. ती तोंड उघडणार, तेवढ्यात मालजामावशी तशीच ओल्या रबरात आत आली.

"ताई, बंदी घालायची तर घाला. पण आधी उठा. जिची जाळी जड तिची ती जागा. का हा नियम सुतापुरताच?"

आईचा चेहरा लाल झाला. पण नियम तिच्या सासूच्याही आधीचा. ती उठली.

"बस."

मावशी बसली. वर्षानुवर्षं त्या जागेवर डोळा ठेवलेला. पोशाख उतरवण्याइतका धीर कुठला? आम्ही बसतो तसे तिने गुडघे थेट जाळाला लावले. जरा वेळाने जळका वास सुटला.

"अगं, गुडघा बघ!"

रबर वितळून सुरकुतलं होतं. मावशी लहान पोरीसारखी रडायला लागली.

"बरं झालं, समुद्रदेवीनंच निकाल दिला," कुणीतरी म्हणालं.

"गप्प बसा," आई म्हणाली. "मालजा, काढ तो. मी सांधते, टाका माझ्या हातचा."

घरी तिने सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून गुडघा सांधला. मग मला म्हणाली, "अंगणाचं दार लाव." साबणाचं पाणी लावून, ओढून-ताणून ती त्यात शिरली आणि रांजणाशी जाऊन उभी राहिली.

"ओत."

मी पाठीवर गार पाणी ओतलं.

"अजून ओत."

ती शहारली नाही. नुसती उभी राहिली. मग डोळे भरून आले.

"मेली," ती म्हणाली, "इतके दिवस अशी उबेत होती!"

दुसऱ्या दिवशी शेकोटीशी तिने निकाल दिला. "सगळ्यांना मिळेपर्यंत रबर कुणीच घालायचं नाही. मालजा, भावाला कळव. माझं माप घे आधी."

"आणि जागा?"

"सगळ्या रबरात आल्या की बघू."

पुढच्या हिवाळ्यात सगळ्या रबरात आल्या. आईची जाळी पुन्हा सर्वांत जड भरू लागली. पण शेकोटीची गरजच कुणाला उरली नाही, त्यामुळे तिला त्या जागेवर पाहायलाही कुणी नव्हतं. दिवस दिवस पाण्यात राहून तिला डोकेदुखी जडली. औषधाच्या पुड्या खात म्हातारपणापर्यंत तिने बुड्या मारल्या, आणि गेली ती घरी, अंथरुणात. मालजामावशीचा भाऊ ओसाकातच वारला. मी आता उथळ पाण्यापुरतीच उतरते.

आईचा सुती पोशाख माझ्याकडे आहे. मावशीने तो मागून पाहिला, मी दिला नाही.

ती अजून रोज काठी टेकत त्या आडोशात येते आणि आईच्या जागेवर बसते. शेकोटी नाही, धूर नाही. तरी दुसऱ्या कुणाला तिथे बसू देत नाही.