कोरडी फेरी

मी एक जुनी फिरकी आहे. पतंगाच्या दोऱ्याची नव्हे, कोरीवकामाच्या मशीनवरची. सपाट पाटीवर नाव कोरायचं असेल तर मला कोणी विचारत नाही. पण पेला, पेन, बासरी, काठी असं काही गोल आलं की मशीनचं घोडं अडतं. सुई वरखाली, मागेपुढे होऊ शकते. वस्तूला फिरवणार कोण? तिथे मी लागते. माझे तीन जबडे वस्तूचं एक टोक घट्ट धरतात आणि पट्ट्याच्या जोरावर मी तिला सावकाश फिरवते. मग अक्षरं तिच्या अंगाभोवती गोल उमटत जातात.

मित्रांनो, अशा गोष्टीत आधी आपला जन्म सांगायचा असतो. सांगते, पण थोडक्यात. एका कारखान्यात पोलादाच्या तुकड्यातून मला घडवलं, घासलं, तेलात बुडवलं आणि खोक्यात भरलं. ते खोकं उघडलं कोरणाऱ्या काकांनी. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीखाली मशीन, भिंतीला टांगलेल्या जबडे कसायच्या चाव्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक. तिथे त्यांची लेक बसायची. अक्षरं जुळवून ती मशीनला पाठवायची आणि काका ती कोरायचे. बापलेकीचं दिवसभर काही ना काही वाजत असे, पण काम कधी अडलं नाही.

काकांचा एक नियम होता. वस्तू माझ्या जबड्यात बसवली, चावीने कसली, की ते तिच्यावर पेन्सिलीने एक रेघ मारत. तिच्या समोर माझ्या चौकटीवर दुसरी रेघ असे. मग सुई वर उचलून ठेवत आणि मला एक पूर्ण फेरी मारायला लावत. याला ते कोरडी फेरी म्हणत. फेरीनंतर दोन्ही रेघा समोरासमोर आल्या की ते चावीने मला हलकेच टिचकी मारत आणि म्हणत, "शाबास, बाई!"

त्या शाबासकीची मला चटक लागली. माझं सगळं तिथेच बिघडलं.

पट्टा ज्या कप्पीला फिरवतो ती कप्पी आणि माझा दांडा यांना एक बारीक स्क्रू बांधून ठेवतो. तांदळाच्या दाण्याएवढा असेल. दर महिन्याला काका तो तपासत. पण एकदा कामाचा ढीग पडला आणि ते राहून गेलं. स्क्रू झिजत चालला. मला ते आतून कळत होतं. फिरताना बारीक टक्क असा आवाजही व्हायचा. काकांना अलीकडे कमी ऐकू यायचं आणि लेकीच्या कानात गाणी असायची. मी कोरड्या फेरीत एकदाच घसरले असते, तरी काकांनी मला उघडून पाहिलं असतं. पण मग शाबासकी गेली असती. म्हणून मी दातओठ खाऊन फिरायची आणि दोन्ही रेघा जुळवून दाखवायची.

अशातच एक नर्सबाई आल्या. त्यांच्या हातात त्यांच्या आईचं लाटणं होतं, वर्षानुवर्षांच्या वापराने मध्ये बारीक झालेलं. सोबत एक चिठ्ठी. त्यांच्या आईने बाहेर जाताना ती घरात ठेवली होती आणि आई परत आलीच नव्हती. रस्त्यातच गेली. चिठ्ठीवर तिच्या तिरक्या अक्षरात एवढंच होतं: जेवून घ्या, मी येतेच.

"हेच अक्षर लाटण्यावर हवंय. जमेल ना?" बाईंनी विचारलं.

"जमेल की," काका म्हणाले. "पण एकच लाटणं आहे, तेव्हा जरा बेताने घेऊ."

लेकीने चिठ्ठीचा फोटो काढून अक्षर मशीनला दिलं. काकांनी लाटणं माझ्या जबड्यात कसलं. त्या दिवसांत त्यांचा हात थोडा थरथरायचा, म्हणून त्यांनी चावी दोनदा फिरवली. कोरडी फेरी झाली. मी सगळा जीव एकवटून रेघा जुळवल्या.

"शाबास, बाई!"

मग सुई लाकडाला टेकली. मोकळं फिरणं वेगळं आणि दाब सोसून फिरणं वेगळं. "जेवून घ्या, मी" एवढं उमटलं आणि माझ्या स्क्रूची पकड सुटली. कप्पी फिरत राहिली, मी जागच्या जागी थांबले. सुई एकाच ठिकाणी वरखाली होत राहिली आणि तिथे खोल चरी पडली. काकांनी लाल बटण दाबेपर्यंत उशीर झाला होता.

नर्सबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चरीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "असू द्या." लाटणं पदराआड धरून त्या निघून गेल्या.

"माझीच पकड सैल राहिली," काका म्हणाले. "हातात जोरच उरला नाही."

"अहो बाबा, मशीन आहे, होतं असं," लेक म्हणाली.

"मशीनचं नाही गं. हात गेला माझा."

दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीशी खुर्ची टाकून नुसते बसू लागले. मला फडक्यात गुंडाळून टेबलाखाली ठेवण्यात आलं. तीन वर्षं! लेक सपाट पाट्या कोरायची आणि गोल काम आलं की परत पाठवायची. मला सगळं ऐकू यायचं. चहाचा कप उचलतानाही काका "थांब, माझ्या हातून पडेल" म्हणायचे. त्यांचा हात मी चोरला होता आणि मूग गिळून गप्प पडून होते.

एका सकाळी नर्सबाई पुन्हा आल्या. लाटणं तेच.

"रोज वापरते मी," त्या म्हणाल्या. "पण माझी मुलगी विचारते, आजीने पुढे काय लिहिलं होतं? चरीच्या पुढे जागा आहे. तेवढा एक शब्द कोराल?"

काकांनी मान फिरवली. लेकीने मला बाहेर काढलं, पुसलं, लाटणं कसलं, दोन रेघा मारल्या आणि कोरडी फेरी सुरू केली.

मित्रांनो, त्या वेळी मी दातओठ खाल्ले नाहीत. मी स्वतःला सैल सोडलं. फेरी संपली तेव्हा दोन रेघांमध्ये बोटभर अंतर होतं.

लेकीने जबडे तपासले, ते घट्ट होते. मग तिने माझं झाकण उघडलं आणि पुढच्या क्षणी ती ओरडली, "बाबा! हा स्क्रू बघा! पार गुळगुळीत झालाय. तुमचा हात नव्हता हो, हा होता!"

काका उठून आले. स्क्रू तळहातावर घेऊन त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मी वाट पाहत होते. आता ते मला शिव्या घालतील आणि माझ्या मनावरचं ओझं उतरेल.

"म्हणजे हात शाबूत आहे तर," ते पुटपुटले आणि डोळे पुसून हसले. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पण हा तपासायचं काम माझंच होतं ना? हिची काय चूक? ही बिचारी शेवटपर्यंत धरूनच होती."

नवा स्क्रू बसला. लाटणं काकांनी स्वतः कसलं आणि चरीच्या पुढे तिरक्या अक्षरात उमटलं: येतेच. नर्सबाईंनी ते मोठ्याने वाचलं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं यंत्र कुरकुरत असेल तर थांबा, त्याला उघडून पाहा. आणि तुमच्याच आत काही सैल झालं असेल तर कोरड्या फेरीतच घसरा. थोडी बोलणी बसतील, पण लाकूड वाचेल.

काका आता रोज मशीनवर असतात. दर फेरीनंतर चावीची टिचकी मारून म्हणतात, "शाबास, बाई!" आणि दर वेळी मला ती चरी आठवते.