भावकीचं विमान

वाल्मीकला फक्त पाच माणसं हवी होती. नाशिक-मुंबई विमान जेमतेम अठरा जणांचं, पण त्याला वैमानिक लागायचे मोठ्या विमानाइतकेच, दोन. आणि तेल तर सोन्याच्या भावाचं. म्हणून कंपनीचा नियम होता, दहा प्रवासी नसले की फेरी रद्द, महिन्यात तिसरी रद्द झाली की वाल्मीक सांभाळायचा ते ओझर विमानतळावरचं ऑफिसच बंद. दोन रद्द झाल्या होत्या. उद्याच्या फेरीची तिकिटं गेली होती पाच.

आशा एकच होती, सातपूरचे कारखानदार धनराजशेठ. रोज सहा सीटा घ्या म्हणून वाल्मीकने महिनाभर त्यांच्याकडे खेटे घातले होते. "आयत्या वेळी आलो तर जागा मिळते का बघू, मग करार," असं शेठ म्हणाले होते. तोवर तग धरायला हवा होता.

त्याने बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि गावी देवळ्याला देवरामकाकांना निरोप धाडला: पाच जण या, विमानात बसवतो. चूक तिथेच झाली. भावकीतल्या पाचांना बोलवायचं नि बाकीच्यांना घरी ठेवायचं, हे कुणाच्या बापाला जमलंय? सकाळी जीपमधून तेरा जण उतरले. एकाला परत पाठवावं तर जन्माचा रुसवा. त्याने पगारावर उचल घेतली आणि तेरा तिकिटं फाडली. विमान गच्च भरलं.

दार लावायला दहा मिनिटं उरली आणि धनराजशेठ आले.

वाल्मीक धावत विमानात चढला. "काका, पाया पडतो, एक जण उतरा. उद्या पाठवतो."

"मला उतरवतो? समद्या भावकीदेखत?" काकांनी पट्टा आवळला. "धाकल्या घरच्यांना उतरव."

"आमीच का?" धाकल्या घरची लताबाई कडाडली. "आमी काय उपरे हाय?"

कुणी जागचं हललं नाही.

शेठ खाली उभे राहून खिडक्यांतले फेटे बघत होते. "जोरात चालतंय की! मग आम्हाला कुठली जागा मिळायची? आपली गाडीच बरी."

हे सगळे माझ्याच भावकीतले, माझ्याच पैशाने बसलेत, असं वाल्मीकला ओरडून सांगावंसं वाटलं. पण कंपनीला कळलं असतं तर नोकरी तिथल्या तिथे गेली असती. शेठ रस्त्याने मुंबईला गेले.

दुसऱ्या दिवशी चारच तिकिटं गेली. महिन्यातली तिसरी फेरी रद्द झाली.

शनिवारी तो ऑफिसातलं सामान आवरत असताना फोन वाजला. देवरामकाका होते.

"वाल्मीक, लय मजा आली. पण मामाकडची मानसं रुसलीत रं, त्यांना नेलं नाय म्हून. आता कवा येऊ?"

आता विमान नाही, एवढंच सांगायचं होतं; पण नाही म्हणायचं म्हणजे पुन्हा जन्माचा रुसवा.

"सोमवारी या काका, नऊला," वाल्मीक म्हणाला, आणि रिसीव्हर ठेवून ढसाढसा रडला.