पाच माणसांचा एक गुडघा

उजेडाच्या पेटीवर दोन एक्स-रे लटकले आणि सभागृहातले तीनशे लोक उभे राहिले. डावीकडच्या फिल्ममध्ये मांडीच्या हाडाचं खालचं टोक वाळवी लागल्यासारखं पोखरलेलं. उजवीकडे गुडघा स्वच्छ.

"चाळीस दिवस! सुई नाही, सुरी नाही, नुसता हा हात!" हाडवाले महाराज गरजले. "डॉक्टर म्हणाले कॅन्सर. मी म्हणालो, बाळ, घरी जा!"

टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेत तेरा वर्षांची मुलगी सुजलेला गुडघा लांब करून बसली होती. शेजारी तिची आई रडत हात जोडत होती. बहिणीलाही न सांगता तिने मुलीला घेऊन इस्पितळ सोडलं होतं.

ती बहीण, मुलीची मावशी, अकरा वर्षं एक्स-रे काढत होती. आज पत्ता लागताच ती आली, फिल्म बघितली आणि तरातरा मंचावर चढली.

"महाराज, हा दुसरा गुडघा कोणाचा?"

"त्या पुढे बसलेल्या मुलीचा."

"मग ही रेष कुठे गेली?" पहिल्या फिल्मवर, गुडघ्यालगत हाडाला आडवी छेदणारी काळी रेष तिने दाखवली. "वाढत्या वयात इथे कूर्चा असते, ती अशी दिसते. वाढ पुरी झाली की तिथे हाड बनतं आणि रेष बुजते. चाळीस दिवसांत आमची पोर बाईमाणूस झाली?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"शक्तीने रेषही बुजते, पोरी."

"असं? बरे झालेल्यांनो, आपापल्या फिल्म आणा वर!"

छातीशी फिल्म धरून बसलेले चौघे आले. मावशीने एकेक फिल्म पेटीवरच्या उजव्या फिल्मवर ठेवली. कडेला कड जुळली. हाडाचं बाहेर आलेलं बारीक टोकसुद्धा जुळलं. नावाचा कोपरा सगळीकडे कापलेला. कोणा धडधाकट माणसाचा एकच गुडघा पाच जणांना वाटून दिला होता.

महाराजांची नेमकी तेव्हाच ध्यानाची वेळ झाली.

"आई, मी रोज सांगत होते ना, दुखतंय म्हणून," मुलगी म्हणाली.

"ताई, ऊठ," मावशी मंचावरून उतरत म्हणाली. "तुम्ही टाळ्या वाजवत होतात तेव्हा गाठ थांबली नव्हती."

त्याच दुपारी इस्पितळात काढलेल्या एक्स-रेत गाठ वाढलेली दिसली. उपचार सुरू झाले. पाय वाचेल का, डॉक्टर अजून सांगत नाहीत.

कोणी रोग विरल्याची फिल्म दाखवली, तर हात जोडण्याआधी ती हातात घ्या. नाव बघा, तारीख बघा आणि दुसरीकडे पुन्हा एक्स-रे काढा. खरोखर बरं झालेलं हाड कुठल्याही यंत्रावर बरं झालेलंच दिसतं.