हलका दगड

२०२१ साल होतं. जुन्नरचं घर विकून आम्ही दोघं आळेफाट्याला मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. माझा मोगरा गोणीत बांधून आणला, पण त्याची दगडी डोणी तिथंच सोडावी लागली. लग्नाच्या वर्षी ह्यांनीच ती माझ्यासाठी घडवली होती. चार माणसांशिवाय हलायची नाही. सोसायटीवाले म्हणाले, गॅलरीला एवढं ओझं झेपणार नाही.

माझे यजमान राजमहंमद म्हणजे पाटे-वरवंटे घडवणारे. इथं आल्यापासून भिंतीकडे बघत बसायचे.

नात इफरानं मोबाइलवर बघून सिमेंट, नारळाच्या काथ्याचं कोकोपीट आणि परलाइटचे पांढरे दाणे आणले. थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात लहान खोकं ठेवून मधल्या फटीत हा माल ठासायचा, की दगडासारखी दिसणारी, पण हलकी कुंडी होते.

"सिमिटाचा दगुड!" हे हसले. पण माल त्यांनीच ठासला.

चौथ्या दिवशी खोकं सोलून काढलं. ह्यांनी सवयीनं हातोडीचा टोला देऊन कान लावला. चांगला दगड खणखणीत वाजतो. जन्मभर ते असाच दगड पारखत आले होते.

"भद्द वाजतंय. आत चीर हाये."

"दादा, ती हलकी आहे म्हणून तसं वाजतं. अजून ओली आहे," इफरा आजोबांना म्हणाली.

"तू मला दगुड शिकीवती व्हय गं?"

त्यांनी जोरात ठोकलं. दोन तुकडे झाले. आत चीर नव्हती.

"हत्यारं भंगारात दे," म्हणून ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. सकाळी मी मोगऱ्याची पिवळी पानं मोजायची, दुपारी ह्यांच्या ताटात उरलेल्या भाकरी. दोघांतलं आधी कोण जाईल, याचीच धास्ती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मीच घमेल्यात माल घेतला आणि मुद्दाम पाणी जास्त ओतलं.

"अगं, भजी तळायची हायेत का?" म्हणत हे पुढं सरकले. मी गुपचूप हातोडी पिठाच्या डब्यात लपवली.

तीन आठवडे कुंडीवर ओलं गोणपाट होतं. सिमेंटचा चुना निघावा म्हणून शेवटी ती रोज धुतली. तोवर मोगऱ्याला सात पानं उरली होती.

बाविसाव्या दिवशी ह्यांनी डबा उघडला आणि हातोडीवरचं पीठ झटकलं.

"लई दिसापास्नं ठावं व्हतं मला."

"अहो, नका! झाड टिकायचं न्हाई आता."

ऐकलं नाही. दगड टाचायची टाकी कुंडीला टेकवली. मी डोळे मिटले. टिक, टिक, टिक. पाट्याला लावतात तशी, पण फार हलक्या हातानं, चारी बाजूंना टाकी लावत होते. मी डोळे उघडले तेव्हा कुंडी शाबूत होती.

"आवाज न्हाई हिला," ते म्हणाले, "पर हाय धडधाकट."

इफरा आता पुण्याला नर्सिंग शिकते. जुन्नरच्या डोणीत नवे मालक शेळ्यांना पाणी ठेवतात. हे दोन वर्षांपूर्वी गेले. मोगरा आहे. ऊन सरकलं की कुंडी मी एकटीच उचलून उन्हात नेते. बोटं आपोआप टाकीच्या खुणांवर बसतात.