सिगारेटीची चाकरी करणार नाही

मी लव्हेंडरच्या तेलाची बाटली बोलतेय. अंगठ्याएवढी आहे, पण कुणाची मिंधी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मिशिगनच्या उत्तरेकडच्या एका गावात हेल्मीनं मला विकत घेतलं ते नवऱ्यासाठी. तिचा आर्वो रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवतो. रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, पण झोप म्हणून लागत नाही. मागच्या आठवड्यात गाडीवरच डुलकी लागली आणि गाडी चरात गेली. पुन्हा असं झालं तर किल्ली काढून घेऊ, असं साहेबानं बजावलंय.

दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं, उशीवर माझे दोन थेंब आणि झोपण्याआधी दोन तास सिगारेट बंद. आर्वोनं त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. सौनात, म्हणजे घरच्या वाफेच्या खोलीत, बसून तापल्या दगडांवर पाणी मारायचं, वाफ घ्यायची, मग बाहेर पायरीवर सिगारेट ओढायची आणि अंथरुणात शिरायचं, हा त्याचा बापजाद्यांपासूनचा नेम.

एकदा मला नाकाशी धरून तो म्हणाला, "वासच नाही. पाणी भरून विकलंय बघ."

"तुझ्या नाकाचं धुराडं झालंय, त्याला ती काय करणार?" हेल्मी म्हणाली.

ऐकतो कसला! मला सौनात नेलं, पळीभर पाण्यात निम्मी ओतली आणि दगडांवर फेकली. असा भपकारा उठला की गडी खोकत, डोळे चोळत उघडाच बर्फात पळाला. मला जराही वाईट वाटलं नाही.

हेल्मीनं त्याच्या अंगावर टॉवेल टाकला आणि मला स्वतःच्या खिशात घातलं. "सौनानंतरची सिगारेट सोड, मग बाटली मिळेल."

"माझा बाप ओढायचा, आजोबाही ओढायचे."

"त्यांच्या गाडीसमोरून शाळेची बस जात नव्हती, आर्वो."

पुढचे चार दिवस त्यानं दारं आपटली, कॉफीला नावं ठेवली. पाचव्या दिवशी मात्र पायरीवर न बसता सरळ आडवा झाला. रोज माझे दोन थेंब. झोप अजून तुटकच होती.

दोन आठवड्यांनी पलंगावरून ओरडला, "हेल्मी, उशीवर अख्खी बाटली ओतलीस काय? डोकं उठलं."

"दोनच थेंब आहेत."

त्यानं उशी उलटी केली आणि थोड्या वेळानं घोरायला लागला. हेल्मी दारात उभी राहून ऐकत होती, डोळे पुसत होती.

आता मी तळाला आलेय. एक-दोन दिवसांत संपेन, पण झोपेच्या कामी संपेन. ज्यांना धुराचा वास झाकायला मला कोटावर शिंपडायचंय, त्यांनी दुसरी बाटली शोधावी.